चूलबंद आवतण : साक्री परिसरातील सामुदायिक जेवणांचा इतिहास

धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेला साक्री तालुका नकाशावर एक दिसत असला, तरी ताटाच्या हिशेबाने तो दोन मुलुखांचा मिळून झालेला आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा, कोंडाईबारीचा घाट आणि जास्त पावसाचा डोंगरपट्टा असून तिथे कोकणा, मावची आणि भिल्ल वस्ती नागली, वरई आणि भात पिकवीत आली. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो आणि ज्वारी, बाजरी, कापूस यांचे रान सुरू होते. या दोहोंना जोडणाऱ्या पांझरा आणि कान या नद्यांच्या खोऱ्यांत बंधाऱ्यांच्या पाण्यावर गहू आणि ऊस होत आला. सेलबारी-डोलबारीच्या डोंगरांपलीकडे बागलाण, घाटाखाली नवापूर आणि पुढे गुजरात, पूर्वेला तापीचे खोरे, अशा या वाटेवरच्या प्रदेशात माणसे एकत्र जेवायला कोणत्या निमित्ताने बसत आली, कोणाबरोबर बसत आली आणि कोणाला बसवीत नव्हती, याचा इतिहास हा इथल्या समाजाचाच इतिहास आहे. राजवटींच्या बखरींत तो फारसा सापडत नाही, पण आवतणाच्या रीतीत आणि स्वयंपाकाच्या भांड्यांत तो टिकून राहिला आहे.

या इतिहासाचे मूळ एकक घर नव्हे, चूल आहे. एका वाड्यात राहणारे भाऊ वेगळे निघाले, म्हणजे मध्ये भिंत उभी राहण्याआधी चूल वेगळी होते, आणि गावची मोजदाद करतानाही जुनी माणसे इतक्या घरांचे गाव असे म्हणण्याऐवजी इतक्या चुलींचे गाव असे म्हणत. जेवणाच्या बोलावण्याला, म्हणजे आवतणाला, यावरूनच पायऱ्या पडल्या आहेत. घरातून एकाने यावे असे आवतण वेगळे, आणि चूलबंद आवतण वेगळे. चूलबंद याचा अर्थ असा, की त्या दिवशी निमंत्रिताच्या घरी चूल पेटवायचीच नाही. म्हातारीपासून पाळण्यातल्या मुलापर्यंत सगळ्यांचे जेवण यजमानाकडे. बलुतेदारीच्या काळात हे आवतण घेऊन घरोघर फिरण्याचे काम बहुधा न्हाव्याकडे असे. तो कोणत्या शब्दांत सांगतो, यावरून त्या घराचे यजमानाशी असलेले नाते सर्व आळीला कळत असे, म्हणून चूलबंद आवतण अपेक्षित असताना साधे आवतण आले, तर तो मानापमानाचा विषय होई आणि सोयरिकीत वर्षानुवर्षे त्याची सल राही.

सामुदायिक जेवणाला लागणारे धान्य कोठून येत होते, हे पाहिले म्हणजे या प्रथांची पाळेमुळे दिसू लागतात. रोजच्या जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, मिरचीचा ठेचा आणि रानभाजी असे. उडीद घालून दळलेल्या ज्वारीच्या पिठाला कळणा म्हणतात आणि कळण्याची भाकरी ही खानदेशाची खास ओळख आहे. गहू मात्र सणाचे धान्य होते, कारण त्याला पाणी लागे. ते पाणी पुरविणारी फड पद्धत ही पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांनी स्वतः चालविलेली सिंचनाची जुनी व्यवस्था आहे. नदीत दगडी बंधारा घालून पाटाने आणलेले पाणी ज्या क्षेत्राला मिळे त्याला थळ म्हणत. त्या थळाचे तीन किंवा चार भाग, म्हणजे फड, पाडून प्रत्येक फडात एका हंगामाला सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि फेरपालट करायची, अशी ती रीत होती. पाणी वाटणारे पाटकरी आणि राखण करणारे जागले यांना मोबदला धान्याच्या रूपाने मिळे. एका बांधावर उभे राहून वर्षभर पाण्याचा वाटा ठरविणाऱ्या माणसांनी सणाला एका पंगतीत बसावे, यात आश्चर्य नाही. पाणी आणि पंगत या दोन्ही ठिकाणी वाट्याचा हिशेब तितक्याच काटेकोरपणे पाळला जाई.

घाटाखालच्या मुलुखातील भाताची कीर्ती तर देशाबाहेर गेली होती. सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाताना नवापूरवरून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने तिथल्या बारीक दाण्याच्या, शिजल्यावर बर्फासारख्या शुभ्र दिसणाऱ्या आणि कस्तुरीचा वास असलेल्या तांदळाची मुद्दाम नोंद केली आणि हिंदुस्थानातील अमीर-उमराव तोच तांदूळ खातात असे लिहिले. सुरत-बऱ्हाणपूरच्या या व्यापारी वाटेने माणसे, जनावरे आणि माल यांच्याबरोबर खाण्याच्या तऱ्हाही ये-जा करीत राहिल्या. खानदेशी जेवणात माळवा, निमाड, गुजरात आणि दख्खन यांचे धागे इतके गुंतलेले आहेत, की त्यांतला एखादा ओढून हा अमुकच प्रांताचा असे सांगणे अवघड होते.

गव्हाचे सर्वांत कसबी रूप म्हणजे मांडे, म्हणजेच खापरावरची पुरणपोळी. खापर हे कुंभाराने घडविलेले मोठे, पसरट मातीचे भांडे असून ते चुलीवर पालथे ठेवून त्याच्या पाठीवर पोळी भाजतात. कणीक सैल भिजवून, तेलपाण्याचा हात लावीत बराच वेळ तिंबली जाते. तिच्यात हरभऱ्याच्या डाळीचे आणि गुळाचे पुरण भरून उंडा आधी थोडा लाटतात आणि मग तो दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरून खापरावर टाकतात. पोलपाट-लाटण्याने इतकी मोठी आणि पातळ पोळी होणे शक्यच नाही. या पदार्थाची परंपरा फार जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाच्या प्रकरणात मण्डक या गव्हाच्या पदार्थाचे आणि तो भाजण्यासाठी लागणाऱ्या खर्पराचे वर्णन आहे. आजचे मांडे आणि खापर हे शब्द त्यांचेच वंशज होत. ज्ञानदेवांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते आणि मनात मांडे खाणे हा वाक्प्रचारही सर्वत्र आहे, परंतु बाकीच्या बहुतेक भागांत मांडे केवळ बोलण्यात उरले असताना खानदेशात ते घरोघर ताटात आहेत, ही गोष्ट अभिमानाने नोंदविण्यासारखी आहे.

मांड्यांचा खरा दिवस आखाजीचा. अक्षय्य तृतीयेला अहिराणीत आखाजी म्हणतात आणि या प्रदेशात तिचे महत्त्व दिवाळीहून कमी नाही. रब्बीचा गहू घरात आलेला, आंब्याचा हंगाम सुरू झालेला, शेतीची कामे थांबलेली, सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, साल याच दिवशी संपून नवे ठरायचे. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा आणि मग घरच्यांनी जेवायचे, असा क्रम असतो. सासुरवाशिणी लेकी या सणाला माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि गौराईची गाणी होतात. मांडे एकटीने करण्याचे कामच नाही. एक पुरण वाटते, एक उंडे भरते, खापराशी एक हातखंडा असलेली बसते आणि एकजण जाळ सांभाळते. त्यामुळे माहेरवाशिणींचे येणे आणि मांड्यांचे होणे या एकमेकींना धरून असलेल्या गोष्टी होत्या. ज्या बाईला कोपरापर्यंत पोळी खेळविता येई, तिला शेजारच्या आळीतूनही बोलावणे येत असे, आणि औपचारिक प्रतिष्ठेची फारशी साधने नसलेल्या त्या काळातील स्त्रियांच्या जीवनात या कसबाने मिळणाऱ्या मानाची किंमत इतिहासकारांनी पुरेशी ओळखलेली नाही. उन्हाळ्यातच आळीपाळीने एकमेकींच्या अंगणात होणारी ज्वारीची बिबडी, गव्हाच्या कुरडया आणि शेवया यांनाही हेच लागू आहे; शिजविलेला घाटा बिबड्या थापण्याआधी वाटीवाटीने मुलांना वाढला जाई, तोही एक लहानसा समारंभच असे.

याउलट बट्टी हा पुरुषांच्या हातचा आणि उघड्यावरच्या स्वयंपाकाचा पदार्थ आहे. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात थोडे मक्याचे पीठ, ओवा, मीठ आणि तेलाचे मोहन घालून घट्ट गोळे वळायचे. ते पूर्वी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजत, आता बहुधा वाफवून किंवा उकडून, काप करून तळतात. त्यावर तुरीचे वरण आणि तूप, आणि सोबत घोटलेली वांग्याची भाजी. राजस्थान-माळव्यातील दाल-बाटीशी तिचे नाते उघड आहे. गावजेवणाला बट्टीच का, याचे उत्तर तिच्या कृतीत आहे. एकेक पोळी लाटण्याचा खटाटोप त्यात नाही, शेकडो माणसांचे गोळे आधी वळून ठेवता येतात, माणशी किती लागतील याचा अंदाज नेमका बांधता येतो आणि वरण वाढविणे सोपे असल्याने ऐनवेळी आलेला पाहुणा परत पाठवावा लागत नाही. जमिनीत चर खणून केलेल्या चुलाणावर मोठ्या कढया आणि हंडे चढवायचे, घोटण्याचे काम तरुण पोरांनी करायचे आणि चव पाहायचा अधिकार एखाद्या जाणत्याकडे द्यायचा, ही रीत लग्नापासून देवळाच्या भंडाऱ्यापर्यंत सारखीच होती. भंडारा म्हणजे देवाच्या नावाने सर्वांना दिलेले जेवण; पिंपळनेरच्या खंडोजी महाराजांच्या उत्सवासारखे नामसप्ताह या भागात जुने आहेत आणि सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने आणि भंडाऱ्यानेच होते.

जेवणाऱ्यांच्या बसण्याला पंगत म्हणतात आणि पंगतीच्या पत्रावळी पळसाच्या पानांच्या असत. डोंगरपट्ट्यातील आदिवासींनी तोडून आणलेली पाने आणि बलुतेदारीत पत्रावळी पुरविण्याचे गुरवाचे काम, असे जंगल आणि गाव यांना जोडणारे ते एक सूत्र होते. मात्र या पंगतीला रम्य करून सांगणे खोटेपणाचे ठरेल. ज्यांच्या हातची पाने चालत, त्यांना पानावर शेजारी बसविले जात नव्हते. जातीनुसार वेगळी रांग, वेगळी वेळ आणि वेगळी जागा हा पंक्तिभेद गावजेवणाच्या रचनेतच होता. अस्पृश्य मानलेल्यांना सर्वांच्या शेवटी, दूर बसवून किंवा उरलेले भांड्यात घालून दिले जाई. म्हणूनच सामाजिक सुधारणेच्या चळवळींनी मंदिराइतकेच लक्ष पंगतीकडे दिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात सहभोजनांचे कार्यक्रम होऊ लागले. अनंत हरी गद्रे यांच्या झुणका-भाकर सत्यनारायणाने तर पूजेचा मान आणि पंगत या दोन्ही गोष्टी दलितांसह सर्वांसाठी खुल्या केल्या. मे 1947 मध्ये पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण करणारे साने गुरुजी यांची कर्मभूमी अमळनेर, म्हणजे याच खानदेशातील. पंगतीतल्या या भिंती कायद्याने पडल्यानंतरही मनातून जायला पुढच्या कित्येक पिढ्या लागल्या.

लग्नाच्या जेवणावळींमुळेच शेतकरी कर्जात बुडतो, असा आरोप इंग्रजी अमलातील अधिकाऱ्यांत लोकप्रिय होता. परंतु 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानेच, कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे मत नोंदविले, आणि ते साक्रीसारख्या कोरडवाहू भागालाही लागू पडते. रोख महसूल, बेभरवशाचा पाऊस आणि सावकाराचे व्याज यांपुढे चार पंगतींचा खर्च किरकोळ होता. शिवाय त्या खर्चातला मोठा भाग भाऊबंदांनी आणलेल्या धान्याने, दुधाने आणि अंगमेहनतीने भरून निघत असे, आणि त्याची फेडही त्याच रूपाने होई. दुष्काळात मात्र चूलबंद या शब्दाला वेगळाच अर्थ आला. संवत 1956 मधील म्हणून छप्पन्नचा दुष्काळ या नावाने ओळखला जाणारा 1899-1900 चा काळ आणि लोकांच्या आठवणीत अजून असलेला 1972 चा दुष्काळ, ज्यात दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली आणि परदेशी लाल मिलोची भाकरी खावी लागली, या काळांत चुली खरोखरच बंद पडल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत आणि पुन्हा साठच्या दशकात सरकारने समारंभातील पाहुण्यांच्या संख्येवर बंधन घालणारे अतिथी नियंत्रण आदेश काढले. ज्या समाजात चूलबंद आवतण हा मान होता, तिथे पाहुणे मोजून बोलावण्याची ही सक्ती किती जाचक वाटली असेल, याची कल्पना करता येते.

चुलीची सीमा सर्वांत ठळकपणे आखणारा उत्सव म्हणजे कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात ही देवी बसते. नारळाला नथ, दागिने आणि साडी घालून तिची स्थापना होते, रात्री जागरण होते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ याप्रमाणे गहू आणि हरभऱ्याची डाळ मोजून घ्यायची, ती सोवळ्याने दळायची, आणि त्याच पिठाच्या व डाळीच्या पुरणपोळ्या, लाल भोपळ्याची भाजी, खीर, कटाची आमटी असा कांदा-लसणाविना स्वयंपाक करायचा. पूर्वी हे दळण घरच्या जात्यावर होत असे. गिरण्या आल्यावर गिरणीवाले रोटांच्या दळणासाठी गिरणी धुऊन-पुसून स्वच्छ करून देऊ लागले, म्हणजे यंत्र बदलले तरी सोवळे त्याच्यावर चढले. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्या कोणाला द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे, असा नियम आहे. येथे मुठींची संख्या ही कुळाची जिवंत नोंदवही ठरते. नवा मुलगा जन्मला की मूठ वाढते, कोणी गेला की कमी होते. या मोजणीत मुठी पुरुषांच्या आणि राबणारे हात बायकांचे, ही विषमता डोळ्यांआड करता येत नाही, जरी गाण्यांत आणि जागरणात देवीभोवतीचा सगळा ताबा बायकांचाच असला तरी.

डोंगरपट्ट्यात, म्हणजे कुडाशी आणि त्यापलीकडच्या पाड्यांत, सीमा आखण्याची रीत उलट दिशेने जाते. कोकणा आणि भिल्ल समाजांत मार्गशीर्षात होणारा डोंगऱ्यादेवाचा उत्सव हा सबंध गावाचा असतो. व्रत घेतलेले भक्त पौर्णिमेपर्यंत नेमाने राहतात, पावरी या भोपळ्याच्या आणि बांबूच्या लांब वाद्याच्या सुरावर रात्री फेर धरून नाचतात, आसपासच्या गावांत फिरून धान्य गोळा करतात आणि पौर्णिमेच्या रात्री डोंगरावरील देवस्थानी जातात. कुळाच्या मुठीने भरणारा रोट आणि गावोगावच्या मुठीने भरणारी ही झोळी एकाच तालुक्यात महिन्यांच्या अंतराने भरत आल्या आहेत. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि भात हे इथले साधे अन्न. मोहाची दारू ही देवाकार्याचा आणि पाहुणचाराचा भाग. 1825 मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांबरोबर शिकारी केल्या आणि त्यांना मेजवान्या दिल्या, त्यातून त्यांचा विश्वास मिळविला, हे प्रसिद्ध आहे; एकत्र जेवल्याशिवाय शब्दावर भरवसा ठेवायचा नाही, ही या समाजाची रीत त्याने नीट ओळखली होती, इतकेच. पुढे 1878 च्या अबकारी कायद्याने मोहाची घरगुती दारू गुन्हा ठरली, आणि 1922 च्या सुमारास दक्षिण गुजरात आणि लगतच्या खानदेशात पसरलेल्या देवीच्या चळवळीने आदिवासींना दारू-मांस सोडून स्वच्छ राहण्याचा आदेश दिला. ही सुधारणा बाहेरून लादलेली नव्हती, आदिवासींनी स्वतः सावकार आणि दारूविक्रेता पारशी यांच्याविरुद्ध उभी केलेली ती ताकद होती.

या सगळ्या विधींच्या तुलनेत हिवाळ्यातील भरिताचे जेवण मोकळे आणि कोणत्याही कुळाचे नसलेले आहे. चातुर्मासात वर्ज्य मानलेले वांगे मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा ताटात येते, आणि तोवर कापसाच्या वेचण्या सरत येऊन पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली काटकी, सरपणाला मिळू लागलेली असते. अमेरिकेतील यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात विलायतेला हिंदी कापूस हवा झाला आणि खानदेशात कापसाचे रान वाढले. भरीत भाजण्याची आजची सर्वमान्य पद्धत त्या पिकाच्या पसाऱ्याशी जोडलेली आहे. पऱ्हाटीच्या जाळावर हिरवी-पांढरी मोठी वांगी आणि मिरच्या भाजायच्या, साल काढून लाकडी बडगीत ठेचायच्या आणि कांद्याची पात, लसूण, शेंगदाणे घालून तेलात परतायचे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेतावर मित्रांनी जमून कळण्याच्या भाकरीशी किंवा पुरीशी ते खायचे, याला आवतण लागत नाही, आणि म्हणून मानापमानही नाही.

गेल्या काही दशकांत पंगतीची जागा उभ्याने जेवण्याने घेतली, गावच्या सामाईक भांड्यांऐवजी मंडपवाल्याची भांडी आली आणि पळसाची पत्रावळ जाऊन थर्माकोल आले. मार्च 2018 मध्ये राज्य सरकारने थर्माकोलच्या ताटांवर बंदी घातल्यावर पानांच्या आणि कागदाच्या पत्रावळी पुन्हा दिसू लागल्या. साक्रीला रेल्वे आली नाही, परंतु सुरतेचा महामार्ग गावावरूनच गेला, आणि कापडगिरण्यांच्या ओढीने खानदेशातील हजारो कुटुंबे सुरतेला स्थायिक झाली. त्यांच्याबरोबर कानबाईही गेली. श्रावणात उधना आणि लिंबायत या सुरतेच्या भागांत तिच्या मिरवणुका निघतात, तर ज्यांच्या कुळाची देवी अजून गावच्या जुन्या घरातच बसते, ते शनिवारी संध्याकाळी कोंडाईबारी चढून साक्रीकडे येतात, कारण त्या घरात त्यांच्या नावाची सव्वा मूठ आधीच मोजून ठेवलेली असते.